डाव्या हाताचा मळ

लहानपणी देवाला डाव्या हाताने फूल वाहिले म्हणून मी आजीचा धपाटा खाल्लेला आहे. तेव्हापासून देवाधर्माच्या कामात माझा डावा हात केवळ तीर्थ घेताना उजव्याखाली धरण्यापुरता उरला. अशा माणसाने जपानातील क्यूशू बेटावरच्या उदो जिंगू या शिंतो देवस्थानाला जाण्यापूर्वी थोडी चौकशी करायला हवी होती.

मियाझाकीच्या दक्षिणेला, समुद्रकड्याच्या पोटातील गुहेत हे लालभडक देऊळ बसवलेले आहे. आपल्याकडे देवाला जायचे म्हणजे गड चढायचा. येथे मात्र पायऱ्या उतरून जायचे असते. ही सोय मला उतरताना फारच आवडली. परत वर यायचे आहे, हा विचार तेव्हा सुचला नाही.

पहिली फजिती हौदापाशी झाली. लाकडी पळीने आधी डावा हात धुवायचा, मग उजवा, मग डाव्या हाताच्या खोलगट तळव्यात पाणी घेऊन चूळ भरायची, असा तेथील रिवाज आहे. मी उजव्या हातावर पाणी घेतले, भक्तिभावाने प्यायलो आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. शेजारच्या जपानी आजींनी अत्यंत सभ्यपणे समुद्राकडे पाहायला सुरुवात केली.

खरी परीक्षा गुहेबाहेरच्या कठड्याशी होती. कथा अशी की, समुद्रदेवाची कन्या तोयोतामा-हिमे बाळंतपणासाठी येथे आली. पाणकावळ्याच्या पिसांनी झोपडी शाकारून पुरी होण्याआधीच तिला मुलगा झाला. ‘आत डोकावू नका’ असे तिने बजावूनही पतिराज डोकावलेच (या बाबतीत नवरे सर्व देशांत सारखेच असावेत), तिचे मूळ जलचर रूप त्यांनी पाहिले आणि ती लाजून समुद्रात परतली. तिला पाठीवरून घेऊन आलेले कासव मात्र खडक होऊन येथेच राहिले. आपल्या देवळात कासव सभामंडपात असते आणि आपण त्याला हात लावून नमस्कार करतो. येथे ते खाली लाटांत बसलेले आहे आणि त्याच्या पाठीवर नेम धरायचा असतो.

त्या पाठीवर एक खळगा आहे व त्याभोवती जाड दोर ठेवलेला आहे. दोराच्या आत गोळी पडली की इच्छा पूर्ण होते. पूर्वी लोक नाणी फेकत. १९५४ पासून गावातील शाळकरी मुलांनी केलेल्या मातीच्या गोळ्या वापरतात. सुपारीएवढ्या गोळीवर ‘नशीब’ या अर्थाचे चिनी अक्षर उमटवलेले असते. दोनशे येनला पाच गोळ्या घेऊन मी उजवा हात उगारला, तोच फलकाकडे बोट दाखवत पत्नी म्हणाली, “अहो, बायकांनी उजव्या हाताने, पुरुषांनी डाव्या!”

मी आजीचे स्मरण केले, मनातल्या मनात क्षमा मागितली आणि डाव्या हाताने पहिली गोळी फेकली. ती कठड्याच्या अलीकडेच, माझ्या बुटावर पडली. दुसरी समुद्रात गेली. तिसरी कोठे गेली ते मला कळले नाही, परंतु शेजारचे गृहस्थ दोन पावले मागे सरकले. चौथी कासवाच्या डोक्याला लागली. इच्छापूर्ती राहू द्या, पण देवाच्या वाहनाला दगड मारल्याचे पाप नको, म्हणून मी हात जोडले. पत्नीने तिच्या पहिल्याच गोळीला दोराच्या मधोमध पाणी उडवले आणि “त्यात काय एवढं?” असे म्हणून उरलेल्या चार पर्समध्ये टाकल्या.

माझी पाचवी गोळी मी खिशात घालून घरी आणली. जपानच्या देवाचा प्रसाद म्हणून ती आईपुढे धरली. आईने लगेच उजव्या हाताखाली डावा धरून तो पुढे केला आणि गोळी तोंडात टाकण्यापूर्वी थबकून माझ्याकडे पाहिले.

“मेल्या, प्रसाद डाव्या हाताने देतात?”