स्टेरॉइडचा फवारा, रात्रीची गोळी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेत राग आहे, पण मुद्देही आहेत, म्हणून दोन ओळींत न आटोपता सविस्तर लिहितो. ॲलर्जीच्या सर्दीत नाक कायम चोंदलेलं असेल तर गोळीपेक्षा स्टेरॉइडचा फवारा सरस ठरतो, असं मी लिहिलं होतं. तुम्ही म्हणता, हा सल्ला बेजबाबदार आहे. स्टेरॉइड ते स्टेरॉइडच. तुमच्या मेव्हण्यांना नाकाच्या स्प्रेची अशी सवय लागली आहे की तो उशाशी नसेल तर झोप येत नाही. याउलट तुम्ही कित्येक वर्षं रात्री लिव्होसेट्रिझिन-मॉन्टेलुकास्ट या ॲलर्जीवरच्या दोन औषधांची मिळून एक गोळी घेता, नातवालाही त्यातली अर्धी देता, आणि काहीही त्रास नाही. मध्ये दोनदा गोळी बंद केली तर अंगभर खाज सुटली, म्हणजे ॲलर्जी आत आहेच. शेवटी, स्प्रे महाग, आणि मी डॉक्टर नाही.

डॉक्टर नाही हे खरं. मी फार्मासिस्ट आहे. औषध ठरवायचं ते तुमच्या डॉक्टरांनीच. पण तुम्ही घाबरताय ते चुकीच्या बाटलीला, एवढं सांगणं माझ्या कामात बसतं.

आधी मेव्हण्यांचं. त्यांच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन लिहिलेलं असेल, अशी माझी जवळपास खात्री आहे. ही नाक झटपट मोकळं करणारी औषधं. नाकातल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या ती आकसून टाकतात, पाच-दहा मिनिटांत श्वास मोकळा होतो. पण ३ ते ५ दिवसांपेक्षा जास्त वापरली तर असर उतरताच सूज पहिल्यापेक्षा वाढते, माणूस पुन्हा बाटली उचलतो, आणि मग त्या बाटलीमुळेच नाक चोंदायला लागतं. त्यात स्टेरॉइडचा अंशही नसतो. उलट हा फेरा तोडताना डॉक्टर बऱ्याचदा स्टेरॉइडचाच फवारा देतात. मेडिकलमध्ये दोन्ही बाटल्या शेजारी-शेजारी असतात आणि दोन्हींना ‘नाकाचा स्प्रे’च म्हणतात, त्यामुळे एकीची बदनामी दुसरीच्या माथी बसते.

आता स्टेरॉइड. मोमेटासोन या नाकात मारायच्या स्टेरॉइडच्या एका फवाऱ्यात ५० मायक्रोग्रॅम औषध असतं. मोठ्या माणसाला प्रत्येक नाकपुडीत दोन, म्हणजे दिवसाला २०० मायक्रोग्रॅम. त्यातलं बरंचसं घशावाटे पोटात जातं आणि यकृत ते मोडून टाकतं. रक्तात पोचतं ते एक टक्क्याहूनही कमी. फ्लुटिकासोन फ्युरोएटचंही तसंच. बुडेसोनाइडचा रक्तात उतरणारा हिस्सा मात्र बराच जास्त असतो, म्हणून ‘सगळे फवारे सारखेच’ असंही मी म्हणणार नाही. दुष्परिणाम नाहीत असंही नाही : नाक कोरडं पडतं, कधी घोळणा फुटतो, आणि काचबिंदू असलेल्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घालूनच वापरावा. पण ज्या स्टेरॉइडची खरी धास्ती घ्यायला हवी ते वेगळं आहे. ‘सीझनला एक इंजेक्शन मारून घेतलं की सुटलो’ म्हणणारे लोक मला नेहमी भेटतात. त्यातलं स्टेरॉइड आठवडेच्या आठवडे अंगभर फिरत राहतं, साखर वाढवतं. आणि फवाऱ्याला सर्वांत जास्त घाबरतात ती हीच मंडळी!

फवारा ‘चालत नाही’ ही तक्रार मात्र बहुतेकदा वापरण्याच्या पद्धतीतून येते. नोझल नाकाच्या मधल्या पडद्याकडे धरायचं नाही. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या, म्हणजे नोझलचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला वळतं. जोरात हुंगायचं नाही, नाहीतर सगळं घशात. असर अर्ध्या दिवसानंतर जाणवू लागतो, पुरता यायला दोन आठवडेही लागतात. तिसऱ्या दिवशी बाटली कपाटात टाकणाऱ्याला तो कळणारच नाही.

गोळीला माझा विरोध नाही. दिवाळीची साफसफाई काढली आणि सटासट शिंका, नाकाडोळ्यांना खाज, पाण्यासारखं गळणं सुरू झालं, तर साधी फेक्सोफेनाडिन किंवा बिलास्टिन पुरते. (फेक्सोफेनाडिन पाण्याबरोबरच घ्या, संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर ती नीट शोषली जात नाही.) चोंदलेल्या नाकाला मात्र गोळी फारशी दाद देत नाही. माझा आक्षेप तुमच्या गोळीतल्या दुसऱ्या औषधाला आहे. मॉन्टेलुकास्टमुळे काहींना वाईट स्वप्नं, चिडचिड, नैराश्य, आत्महत्येचे विचारही येतात, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियामक संस्थेने) मार्च २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला आणि ॲलर्जीच्या सर्दीसाठी इतर औषधं लागू पडत नसतील किंवा सोसत नसतील तरच ते द्यावं असं सांगितलं. दमा सोबत असेल तर गणित बदलतं, पण तुम्ही दम्याचा उल्लेख केलेला नाही.

आणि ती खाज. लिव्होसेट्रिझिन किंवा सेट्रिझिन दीर्घकाळ रोज घेऊन अचानक थांबवलं तर काहींना काही दिवसांतच तीव्र खाज सुटते, असा इशारा एफडीएने मे २०२५ मध्ये दिला. प्रकार विरळा आहे, आणि तुमचं तेच असेल असं मी इथून सांगू शकत नाही. पण खाज म्हणजे ॲलर्जी आत असल्याचा पुरावा, असं धरून चालू नका. पुन्हा मनानेच बंद करू नका; हळूहळू कमी कशी करायची ते डॉक्टरांना विचारा.

नातवाचं जरा तातडीने घ्या. अर्धी गोळी हिशेबात त्याच्या वयाला बसतही असेल, प्रश्न तो नाही. तो रात्री दचकून उठतो का, हल्ली विनाकारण चिडतो किंवा गप्प राहतो का, हे त्याच्या आईला विचारा आणि गोळीसकट सगळं बालरोगतज्ज्ञांना सांगा. मोमेटासोन दोन वर्षांवरच्या मुलांना देता येतं, कमी मात्रेत, वाढ नीट होतेय ना हे बघायला अधूनमधून उंची मोजत.

राहिली किंमत. १२० फवाऱ्यांची बाटली रोज चार फवाऱ्यांनी महिनाभर जाते. नाक ताळ्यावर आलं की डॉक्टर बहुधा मात्रा निम्म्यावर आणतात, म्हणजे तीच बाटली दोन महिने. तुमच्या गोळीच्या दोन महिन्यांच्या पाकिटांशी ताडून बघा. फवारा थोडा महाग पडेलही, पण वाटतो तितका नाही.