अकिलीसचा परकर

सत्तेचाळिसाव्या वर्षी बॅडमिंटन खेळू नये असं माझं म्हणणं नाही. फक्त आपण सत्तेचाळीस वर्षांचे आहोत याची शटलला कल्पना असावी. माझ्या शटलला नव्हती. ते नेटला चाटून अलगद अलीकडे टपकलं, मी झेपावलो आणि मागून कुणीतरी पोटरीच्या खाली सणसणीत लाथ घातली. मी पडल्या पडल्या मान वळवून माझ्या जोडीदाराला दोन शेलक्या शिव्या हासडल्या. तो बिचारा दहा फुटांवर उभा राहून घाम पुसत होता.

“असंच होतं,” डॉक्टर म्हणाले. “बरेच पेशंट आधी मागच्याशी भांडतात आणि मग इकडे येतात.” टाचेच्या मागची जाड शीर तुटली की अगदी लाथ बसल्यासारखंच वाटतं. या शिरेला अकिलीसचं नाव आहे. ग्रीकांचा तो महापराक्रमी वीर. त्याच्या आईने त्याला लहानपणी स्टिक्स नदीत बुचकळून काढला, त्यामुळे त्याचं सगळं अंग अभेद्य झालं. बुचकळताना जिथे धरलं होतं ती टाच तेवढी कोरडी राहिली. डॉक्टरांनी ही गोष्ट मला धीर यावा म्हणून सांगितली असावी. मला मात्र एवढंच जाणवलं की माझ्या आईने मला कुठेच बुचकळलेलं नाही, म्हणजे अजून बरंच काही तुटायचं शिल्लक आहे.

ऑपरेशन टळलं. त्याऐवजी गुडघ्यापर्यंत येणारा एक बूट मिळाला. बूट हा फार सौम्य शब्द झाला. अंतराळवीर एका पायाने चंद्रावर उतरणार असता, तर त्याला असलाच दिला असता. त्यात टाचेखाली पाचरी होत्या, एकावर एक तीन. टाच उंच राहिली की शिरेची दोन टोकं जवळ येतात आणि जुळतात. दर काही दिवसांनी एकेक पाचर काढायची, टाच जमिनीवर उतरवत आणायची. तोवर बूट काढायचा नाही. झोपतानासुद्धा नाही.

“आणि हो,” फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, “दुसऱ्या पायातही तेवढ्याच उंचीचं काहीतरी घाला. नाहीतर कंबर धरेल.”

तेवढ्याच उंचीचं म्हणजे दोन इंच. माझ्याकडचं सगळ्यांत उंच पादत्राण म्हणजे अंगठा झिजलेली रबरी चप्पल. आता एक गोष्ट कबूल करायला हवी. माझा आणि हिचा पाय एकाच मापाचा आहे. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण मी हे चारचौघांत कधी बोललेलो नाही. हिने कपाटाच्या तळातून एक तपकिरी सँडल काढली. टाच सलग, जाड, बरोबर दोन इंची. “उजवीच लागेल ना? घे. डावी नीट ठेवते, हरवू नकोस,” असं म्हणून तिने माझ्या पायात ती सरकवली आणि पट्टा आवळला. मी उभा राहिलो. जग दोन इंचांनी खाली गेलं आणि मी आपोआप पुढे कलंडलो.

उंच टाचेबद्दल माझी समजूत अशी होती की ती ऐटीसाठी असते. चुकीची समजूत. तो अखंड उतार असतो. तुम्ही सपाट फरशीवर उभे असलात तरी टेकडीवरून उतरत असता. सगळा भार पुढच्या चवड्यावर, पोटऱ्या ताठ, कमरेला बाक, आणि बाहेरून मात्र आपण सहज उभे आहोत असं दाखवायचं. तिसऱ्या मिनिटाला मी हिला विचारलं, “तू हे घालून दिवसभर उभी कशी राहतेस?” ती म्हणाली, “बावीस वर्षांत पहिल्यांदा विचारलंस.” पुढचं बोलणं मी वाढवलं नाही.

टाचेची सोय झाली, तरी विजारीची होईना. त्या बुटावरून एकही पँट वर चढत नव्हती. पायजमा घोट्याशी अडकला. हिने ऑफिसच्या एका पँटची शिवण गुडघ्यापर्यंत उसवली, तर ते कापड शिडासारखं फडफडत कुबडीखाली यायला लागलं. लुंगी सगळ्यांनीच सुचवली. सुचवणाऱ्यांपैकी एकानेही लुंगी नेसून दोन कुबड्यांवर जिना उतरून पाहिलेला नव्हता. लुंगीचा सगळा डोलारा एका गाठीवर असतो, गाठ सुटायला लागली की हात लागतो, आणि माझे दोन्ही हात कुबड्यांवर. तिसऱ्या पायरीवर मला निवड करावी लागली: तोल की अब्रू. मी तोल निवडला. खालच्या मजल्यावरचे काका तेव्हा दारातच उभे होते, त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. फार सज्जन गृहस्थ.

“हिचा तो काळा लांब स्कर्ट आहे ना, तो घाल की,” आई म्हणाली. आईच्या आवाजात ‘पंखा लाव की’ म्हणावं इतपतच गांभीर्य होतं.

“आई, मी पुरुष आहे.”

“असशील. चार वर्षांचा होईपर्यंत मावसबहिणीचे फ्रॉकच घालून हिंडत होतास. फोटो आहे.”

फोटो आहे, हे खरं. आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही हेही खरं. युरोपातल्या श्रीमंत घराण्यांतसुद्धा शतकानुशतकं मुलगे चार ते सात वर्षांचे होईपर्यंत झग्यातच असत. पहिली विजार चढवली की घरात छोटा समारंभ व्हायचा. कारण अर्थात व्यावहारिक: त्या वयात घाई फार असते आणि विजारीला बटणं फार असतात.

तेव्हा घातला. डोक्यावरून घातला, कमरेशी इलॅस्टिक फटकन बसलं, संपलं. नेसणं नाही, खोचणं नाही. मी कुबड्या घेऊन चालून पाहिलं. सुटला नाही. एवढ्यात लक्षात आलं की लुंगी म्हणजे इलॅस्टिक नसलेला स्कर्टच की! म्हणजे ज्यांना मी लुंगीत चाललो असतो, त्यांचा विरोध फक्त इलॅस्टिकला आहे.

घरी पडून राहिल्यावर माणूस व्याकरणाकडे वळतो. माझ्या ध्यानात आलं की आपली भाषा या बाबतीत फारच उदार आहे. तो स्कर्ट. तो परकर, तो घागरा, तो झगा, तो गाऊन. सगळे पुल्लिंगी. आणि ती पँट. ती विजार, ती चड्डी, ती बंडी, ती पगडी. इतकंच काय, ज्यावर पीळ भरत पुरुष जन्म काढतो ती मिशीसुद्धा स्त्रीलिंगी, आणि अंबाडा मात्र तो! म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने मी इतकी वर्षं बाईच्या कपड्यांत वावरत होतो आणि आता कुठे सुधारलो होतो. हा मुद्दा मी हिला ऐकवला. ती म्हणाली, “औषध घेतलंस का?”

मग वाचत सुटलो. वाचता वाचता कळलं की आपण ज्याला पुरुषी आणि बायकी म्हणतो, त्यातला बराचसा भाग घोड्याने ठरवलेला आहे. चीनमध्ये तुर्फानजवळच्या यांघाई इथल्या थडग्यांत सुमारे ३,००० वर्षांपूर्वीच्या लोकरी विजारी सापडल्या. आजवर मिळालेल्यांत त्या सर्वांत जुन्यांपैकी. घालणारे घोडेस्वार होते. साहजिक आहे. झगा घालून घोड्यावर मांड ठोकली की मांड्यांचं काय होतं हे सांगायला इतिहासकार नको. इ.स.पूर्व ३०७ मध्ये झाओ राज्याचा राजा वूलिंग याने भटक्या स्वारांशी लढता यावं म्हणून आपल्या लोकांना विजारी घालायला लावल्या, तर दरबारी मंडळींनी नाकं मुरडली: रानटी लोकांचे कपडे आपण घालायचे? रोमनांचंही तेच. त्यांच्या लेखी सभ्य पुरुष उघड्या पोटऱ्यांनी हिंडायचा आणि विजार घालायचे ते उत्तरेकडचे रानटी. म्हणजे माझ्या काळ्या स्कर्टात मला पाहून रोमन माणसाने आदबीने वाट दिली असती आणि माझ्या पँटवाल्या मेहुण्याला हाकलून दिलं असतं. (हे चित्र मी दिवसातून दोनदा तरी डोळ्यांसमोर आणायचो. मेहुण्याने माझा स्कर्टातला फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता.)

टाचही घोड्याचीच. इराणी स्वार रिकिबीत पाय अडकवून उभे राहत आणि बाण मारत. पाय निसटू नये म्हणून बुटाला टाच. सतराव्या शतकाच्या सुमारास ती युरोपात पोचली आणि तिथल्या सरदारांनी ती घोड्यावरून उतरल्यावरही काढली नाही. फ्रान्सचा चौदावा लुई तर लाल टाचा घालायचा, आणि दरबारी सोडून इतरांना त्या घालण्याची सोय नव्हती. १७०१ सालचं त्याचं ते प्रसिद्ध चित्र पाहावं: साठी ओलांडलेला राजा, कुरळ्या केसांचा टोप, पांढरे तंग मोजे, लाल टाचा, आणि झगा बाजूला सारून दाखवलेली पोटरी. पायाला काहीही झालेलं नाही! निव्वळ हौस.

पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या पुरुषांनी टाचा, रेशीम, झालरी, रंग सगळं बायकांवर सोडून दिलं आणि काळा-करडा कोट चढवला. फ्लुगेल नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३० मध्ये याला ‘पुरुषांचा महात्याग’ असं नाव दिलं. त्याग खराच. माझ्या कपाटात करड्या रंगाच्या चार पँट आहेत आणि त्यांतला फरक फक्त मला कळतो.

तीन आठवड्यांनी कुबड्या सुटल्या, बूट राहिला, आणि रजा संपली. मी ऑफिसला नम्र मेल लिहिला: पायामुळे काही दिवस शॉर्ट्स घालून येण्याची परवानगी मिळावी. उत्तर आलं की नियमात बसत नाही, सोबत नियमावली जोडली आहे. मी ती प्रथमच वाचली. गेल्या वर्षी कुणीतरी तिच्यातून ‘पुरुष कर्मचारी’ आणि ‘महिला कर्मचारी’ हे शब्द मोठ्या पुरोगामीपणाने काढून टाकले होते. उरलं ते एवढंच: पूर्ण लांबीची पँट किंवा गुडघ्याखाली येणारा स्कर्ट. शॉर्ट्स चालणार नाहीत.

सोमवारी मी स्कर्ट घालून गेलो. वर इस्त्रीचा शर्ट, डाव्या पायात अंतराळ, उजव्या पायात तपकिरी सँडल. मनुष्यबळ खात्यातल्या बाईंनी मला पायापासून वरपर्यंत पाहिलं, संगणकावर नियमावली उघडली, खाली सरकवत नेली, थांबल्या, परत वाचली. “बसतंय,” म्हणाल्या, आणि खिडकी बंद केली.

यात मी काही क्रांती केली असं नाही. २०१३ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये नाँत शहरातल्या बसचालकांनी हेच केलं होतं. उकाडा असह्य, शॉर्ट्सना बंदी, बायकांना मात्र स्कर्टची मुभा. गडी सरळ स्कर्ट घालून गाडीवर बसले. त्यांच्यात आणि माझ्यात फरक एवढाच की त्यांचे दोन्ही बूट सारखे होते.

ऑफिसात सगळे फार चांगले वागले, आणि मला खटकलं ते हेच. मला पाहताच चेहऱ्यावर आधी एक दचका यायचा. नजर खाली घसरायची, बुटावर पोचायची, आणि मग मोठा सुस्कारा: “अरे! पायाला काय झालं?” जणू पाय मोडलाय हे कळल्याने त्यांच्या जिवात जीव आला. मी हिंडत होतो तो स्कर्टवर नव्हे, बुटाच्या जोरावर. आमच्याकडचा एक नवा मुलगा कधीकधी नखं रंगवून येतो. त्याला सुस्कारा मिळत नाही, त्याला दचकाच मिळतो. त्याची नखं चांगली ठणठणीत आहेत ना!

यालाही पूर्वज आहे. १८०० साली पॅरिसच्या पोलिसांनी फर्मान काढलं होतं की बाईला पुरुषी कपडे घालायचे असतील तर पोलिसांची परवानगी हवी, आणि परवानगीसाठी वैद्यकीय दाखला हवा. पुढे हातात घोड्याचा लगाम किंवा सायकलचं हँडल असेल तर विजार चालेल, अशी सूट मिळाली. पुन्हा घोडा! ते फर्मान रद्दबातल असल्याचं सरकारने अधिकृतपणे सांगितलं २०१३ मध्ये, नाँतचे बसचालक स्कर्ट घालून बसले त्याच वर्षी. मी मात्र बॅगेत डॉक्टरांचा कागद घेऊनच फिरत होतो.

बॅगेत, कारण खिसा नव्हता. स्कर्टबद्दल माझी खरी तक्रार ही. वारा सहन झाला, जिना चढताना घेर उचलणं जमलं, बसताना गुडघे जुळवणंही अंगवळणी पडलं. पण फोन कुठे ठेवायचा? किल्ल्या कुठे? रुमाल? पहिल्या दिवशी मी सवयीने फोन मांडीलगत सोडला आणि तो थेट बुटावर आदळला. स्कॉटिश लोकांच्या किल्टलाही खिसा नसतो, म्हणून ते पोटाखाली कातडी पिशवी लटकवतात. मला ते धाडस झालं नाही. मी स्कर्ट घेऊन शिंप्याकडे गेलो.

“दोन्ही बाजूंना?” त्याने विचारलं. “बायकांचा खिसा चार बोटं खोल करतो.”

“चार बोटांत काय मावतं?”

“काही नाही,” तो शांतपणे म्हणाला. मग माझ्या हाताचं माप घेतलं.

आईने ज्याला नदीत बुचकळलं त्या अकिलीसची उरलेली गोष्ट मला या सुमारास मिळाली. मुलाला ट्रॉयच्या युद्धावर जावं लागू नये म्हणून त्याच आईने त्याला मुलींचे कपडे घालून स्कायरॉसच्या राजकन्यांमध्ये लपवलं होतं. शोधायला आलेल्या ओडिसियसने दागिन्यांच्या ढिगात शस्त्रं ठेवली. अकिलीसने दागिन्यांकडे पाहिलंही नाही, शस्त्रं उचलली आणि पकडला गेला. माझ्या आईला मी हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, “झग्यात होता तोवर धड होता ना? मग?”

शेवटची पाचर निघाली, काही दिवसांनी बूटही निघाला. “आता पँट घालायला हरकत नाही,” डॉक्टर म्हणाले. मी करडी पँट घातली. पट्टा आवळला, मांड्या घुसमटल्या, गुडघ्यामागे घाम आला. दोन दिवस कळ काढली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडलं.

“माझा काळा कुठाय?”

“तुझा?” हिचा आवाज दारातून आला. काळा स्कर्ट तिच्या अंगावर होता. तिने उजव्या खिशात हात घातला, तो मनगटाच्याही वर आत गेला. मग डावा. तिच्या चेहऱ्यावर आलेला तो भाव मी आमच्या लग्नातही पाहिलेला नाही. दाराशी पिशवीत तिचे आणखी तीन स्कर्ट घड्या करून ठेवले होते, वर शिंप्याची चिठ्ठी.

“अगं, उकडतंय फार. आजच्या दिवस दे की.”

“डॉक्टरांचा दाखला आहे का तुझ्याकडे?” तिने विचारलं, आणि दोन्ही हात खिशात घालून, शीळ वाजवत जिना उतरून गेली.