धमकी वॉशिंग्टनची, कात्री आमच्या सिटी हॉलची

सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलचे, म्हणजे शहराच्या प्रशासनाचे, एक वागणे मी बराच काळ पाहते आहे आणि त्याची चीड आता आवरत नाही. वॉशिंग्टनने, म्हणजे केंद्र सरकारने, निधी तोडण्याची धमकी दिली की आमचे शहर न्यायालयात उभे राहून ठणकावते की ही धमकी बेकायदा आहे, घटनाबाह्य आहे, आणि आम्ही तसूभरही मागे हटणार नाही. परंतु तेच शहर अर्थसंकल्प मांडायला बसले की त्याच धमकीकडे बोट दाखवून म्हाताऱ्यांच्या, भाडेकरूंच्या आणि आजाऱ्यांच्या तोंडचा घास काढून घेते. धमकी न्यायालयात टिकणार नसेल तर कपात कशासाठी, आणि कपात अटळ असेल तर तिचा निर्णय कोणी, कधी, कोणत्या आकड्यांवरून घेतला, एवढा साधा प्रश्न विचारला की सगळे हात वर करतात.

न्यायालयातली लढाई खोटी आहे असे मला म्हणायचे नाही. स्थलांतरितांची धरपकड करण्याच्या केंद्राच्या कामाला शहराचा पैसा आणि शहराचे कर्मचारी जुंपायचे नाहीत, असा कायदा या शहराने १९८९ मध्ये केला आणि त्याचा मला अभिमान आहे. जानेवारी २०१७ मध्ये ट्रम्प यांनी अशा शहरांचा निधी रोखण्याचा आदेश काढला, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोने आठवड्याच्या आत दावा दाखल केला आणि एप्रिलमध्ये न्यायाधीश विल्यम ऑरिक यांनी त्या आदेशाला स्थगिती दिली. २०२५ मध्ये तोच प्रसंग पुन्हा आला. अध्यक्षांनी शपथ घेतली त्याच दिवशी नवा आदेश निघाला, ७ फेब्रुवारीला शहराचे सरकारी वकील (सिटी ॲटर्नी) डेव्हिड चिऊ यांनी सांता क्लारा काउंटी (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) आणि इतरांना बरोबर घेऊन दावा लावला, २४ एप्रिलला त्याच न्यायाधीशांनी मनाई हुकूम दिला, आणि ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिस, शिकागो, बॉस्टन यांच्यासह आणखी ३४ शहरे व काउंट्या त्या हुकुमाच्या छत्राखाली आल्या.

या खटल्यांतला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. २०१७ मध्ये शहराच्या सुमारे ९.६ अब्ज डॉलरांच्या अर्थसंकल्पात १.२ अब्ज डॉलर केंद्राकडून येत होते. ते पैसे प्रत्यक्षात गेलेले नसले तरी ते राहतील की जातील हेच कळत नसल्यामुळे शहराला नियोजन करता येत नाही, आणि ही अनिश्चितता म्हणजेच नुकसान आहे, असे शहराचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मान्य केले. मग अनिश्चितता म्हणजेच नुकसान हे न्यायालयात पटवून देणारे शहर आपल्याच नागरिकांच्या गळ्यात तीच अनिश्चितता कोणत्या तोंडाने बांधते?

मे २०२५ च्या अखेरीस महापौर डॅनियल ल्युरी यांनी सुमारे १५.९ अब्ज डॉलरांचा अर्थसंकल्प मांडला. त्यात सुमारे १,४०० पदे रद्द करण्याचा प्रस्ताव होता, सामाजिक संस्थांची अनुदाने आणि कंत्राटे यांना मोठी कात्री होती, आणि वॉशिंग्टनकडून येणाऱ्या संभाव्य कपातीसाठी ४० कोटी डॉलर बाजूला काढून ठेवले होते. राखीव निधीला माझा विरोध नाही. संकट दिसत असताना चार पैसे राखून ठेवणे शहाणपणाचेच आहे. संताप येतो तो त्याच्याभोवती रचलेल्या बोलण्याचा. ऐकणाऱ्याला वाटावे की सगळी ओढाताण वॉशिंग्टनमुळे झाली. प्रत्यक्षात दोन वर्षांची मिळून ८० कोटी डॉलरांहून मोठी तूट डिसेंबर २०२४ मध्येच, म्हणजे नवे अध्यक्ष खुर्चीवर बसण्याआधीच, शहराच्या स्वतःच्या अंदाजात जाहीर झाली होती. करोनाकाळात मिळालेली एकरकमी मदत संपली होती, डाउनटाउनमधल्या इमारती ओस पडल्या होत्या, कराचे उत्पन्न खुंटले होते आणि खर्च मात्र वाढतच होता. हे दुखणे शहराचे स्वतःचे होते. ते तसे कबूल करून उपाय मांडला असता तर लोकांनी निदान समजून घेतले असते.

आमच्या भागात ज्येष्ठ नागरिकांचे एक केंद्र आहे, तिथे मी दुपारच्या जेवणाला वाढायला जाते. जेवायला येणारे बहुतेक जण चिनी आणि फिलिपिनो आहेत. एकेका खोलीत राहणारे, ज्यांच्या खोलीत शेगडीसुद्धा नाही असे. एके दिवशी केंद्राच्या काचेच्या दारावर इंग्रजी, चिनी, स्पॅनिश आणि फिलिपिनो अशा चार भाषांत एक कागद चिकटवलेला दिसला: निधीच्या अनिश्चिततेमुळे बुधवार आणि शुक्रवारचे गरम जेवण पुढील सूचनेपर्यंत बंद. त्या दोन दिवशी आता थंड डबा मिळतो, ज्यात सँडविच, दुधाचे छोटे खोके आणि एक संत्रे असते. जाळीची दोनचाकी गाडी ओढत येणाऱ्या एक आजी त्यातले सँडविच दर वेळी शेजारच्या टेबलावर ठेवून जातात, कारण त्यांच्या कवळीला तो पाव चावत नाही. केंद्राच्या संचालिकेने संबंधित खात्याला लेखी विचारले की हे अनुदान केंद्र सरकारने तोडले आहे का. उत्तर आले की नाही, या अनुदानात केंद्र सरकारचा एक पैसाही नव्हता, ते शहराच्या स्वतःच्या तिजोरीतून येत होते. पण एकंदर परिस्थिती पाहता कंत्राटाचे नूतनीकरण तूर्त थांबवले आहे आणि खाते परिस्थितीवर लक्ष ठेवून आहे. वॉशिंग्टनने ज्याला हातही लावलेला नाही असे जेवण वॉशिंग्टनच्या नावाने बंद करायचे आणि वर लक्ष ठेवून आहोत म्हणायचे, याला माझ्या मते जबाबदारी टाळणे हेच एक नाव आहे.

दाद मागायची तर जूनमध्ये बोर्ड ऑफ सुपरवायझर्सच्या, म्हणजे शहराच्या निवडून आलेल्या सभागृहाच्या, अर्थसंकल्प समितीपुढे जाहीर सुनावणी होते. काठ्या टेकत आलेली माणसे तासन्‌तास रांगेत थांबतात आणि प्रत्येकाला बोलायला जेमतेम एक मिनिट मिळते. नंतर महापौरांचे कार्यालय आणि समिती यांच्यात रात्री उशिरापर्यंत घासाघीस चालते आणि काही कपाती मागे घेतल्या जातात, ज्याला इथे सगळे ‘ॲड-बॅक’ म्हणतात. त्या थोड्याशा रकमेसाठी बेघरांसाठी काम करणारी संस्था, भाडेकरूंना वकील मिळवून देणारी संस्था आणि म्हाताऱ्यांना जेवू घालणारी संस्था एकमेकींच्या समोर उभ्या राहतात, आणि जे वाचले त्याबद्दल सगळ्यांनी आभार मानावेत अशी अपेक्षा असते. आभार कशाचे मानायचे? आमचेच होते ते अर्धे परत दिल्याचे?

केंद्राचा पैसा जाण्याची भीती शहर कसे हाताळते याचे याहून भयंकर उदाहरण २०२२ मध्ये घडले आहे. लगुना होंडा हे शहराचे जुने मोठे रुग्णालय, जिथे त्या वेळी जवळपास ७०० वृद्ध आणि अपंग रुग्ण राहत होते. तपासणीत त्रुटी सापडल्या आणि एप्रिल २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याची मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) व मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) यांची मान्यता काढून घेतली. त्रुटी रुग्णालयाच्याच होत्या हे मान्य. पण पैसा चालू राहावा म्हणून रुग्णांना अन्यत्र हलवण्याची केंद्राची अट शहराने पत्करली, ५७ जणांना हलवले, त्यांतले काही जण थोड्याच काळात दगावले, आणि जुलैच्या अखेरीस स्थलांतर थांबल्यावर, ऑगस्टमध्ये, शहर न्यायालयात गेले. अध्यक्षीय आदेशाविरुद्ध तीन आठवड्यांत दावा लावता येतो, तर अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी चार महिने का लागावेत? रुग्णालयाला पूर्ण मान्यता परत मिळाली ती जून २०२४ मध्ये. गेलेली माणसे कोणत्याही ताळेबंदात नाहीत.

आता तर धमकी आणि वास्तव यांतला फरक सांगणे पूर्वीपेक्षा जास्त गरजेचे झाले आहे. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेला कायदा ही नुसती धमकी नाही. मेडिकेडच्या अनेक लाभार्थ्यांना काम करत असल्याचा पुरावा द्यावा लागणार आहे आणि दर सहा महिन्यांनी पात्रता तपासली जाणार आहे. मनाई हुकुमाने अध्यक्षांचा आदेश रोखता येतो, तितक्या सहज संसदेचा हा कायदा रोखता येणार नाही. ते कागद तपासायला काउंटीचेच, म्हणजे इथे शहराचेच, कर्मचारी लागतील, म्हणून रद्द केलेल्या पदांपैकी या कामाची किती होती हे सिटी हॉलने आधी सांगायला हवे.

जवळच्या सांता क्लारा काउंटीने हे करून दाखवले. सनीव्हेल, क्युपर्टिनो या भागांत मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे आपल्यापैकी अनेकांनी ते जवळून पाहिले असेल. या कायद्यामुळे आपल्या रुग्णालयांच्या उत्पन्नात खड्डा पडणार आहे असे काउंटीने उघड सांगितले, पाच वर्षांसाठी पाच अष्टमांश टक्का जादा विक्रीकर मागितला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मतदारांनी तो मंजूर केला. विक्रीकर गरिबाला जास्त बोचतो हे मला मान्य आहे, पण तिथे लोकांसमोर हिशेब ठेवून त्यांना विचारले गेले. आमचे महापौर मात्र अध्यक्षांचे नाव घेणेही टाळतात. वाद वाढवायचा नाही हे धोरण मी समजू शकते, परंतु वाद टाळणे वेगळे आणि हिशेब टाळणे वेगळे.

महापौरांना दर वर्षी १ जूनपर्यंत अर्थसंकल्प बोर्डाला सादर करावा लागतो. पुढच्या अर्थसंकल्पात प्रत्येक कपातीपुढे चार गोष्टींपैकी एक लिहिलेली असलीच पाहिजे: केंद्राचे पैसे प्रत्यक्ष थांबले आहेत, थांबण्याची धमकी आहे, ती धमकी न्यायालयाने रोखली आहे, की ही शहराची स्वतःची तूट आहे. राखीव निधीतला पैसा कोणत्या परिस्थितीत बाहेर काढला जाईल, हेही त्याच कागदावर हवे, आणि तो कागद सुनावणीच्या आदल्या रात्री नव्हे तर निदान महिनाभर आधी लोकांच्या हातात पडायला हवा. एका मिनिटात बोलायचे असेल, तर निदान कशाबद्दल बोलायचे हे तरी माणसाला आधी कळू द्या.