‘टँक बदला आणि मोकळे व्हा’ म्हणणाऱ्या वाचकांस

नमस्कार. गिटार अँपमधल्या बंद पडलेल्या स्प्रिंग रिव्हर्बवरच्या (स्प्रिंगांमधून आवाजाला गुंज देणारी सोय) माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंय त्याचा गोषवारा आधी देतो, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणायला नको. रिव्हर्ब गेला की टँक, म्हणजे स्प्रिंगांचा तो पत्र्याचा डबा, बदलावा, एवढं पाल्हाळ कशाला. आधी ड्रायव्हर ट्यूब, म्हणजे टँकला सिग्नल पाठवणारा व्हॉल्व्ह, बदलून पाहायला हवी होती. विजेच्या धोक्याची सूचना लेखाच्या पार तळाशी आहे. फोटो अंधूक आहे. आणि शेवटी, "हौशी लोकांनी दुरुस्ती शिकवू नये, त्यासाठी नाशिकमध्ये जाणकार बसलेत."

फोटोचं बरोबर बोललात. इनपुट कुठलं आणि आउटपुट कुठलं ते त्यात कळत नाही, नवा टाकतो.

आता ते शेवटचं वाक्य. माझ्या वडिलांचं रविवार कारंजाजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, व्हॉल्व्हचे सेट यायचे तेव्हापासूनचं. शाळा सुटली की रेझिस्टरचे रंग वाचून ते वेगवेगळ्या डब्यांत टाकायचं काम माझ्याकडे. पुढे ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली, गणपतीत एका मंडपातून दुसऱ्या मंडपात अँप वाहिले आणि कार्यक्रम तोंडावर असताना स्टेजच्या मागे बसून त्यांना डागही दिले. याला हौस म्हणायचं तर खुशाल म्हणा. पण ओळख ना पाळख, खाली स्वतःचं नावही नाही, आणि थेट ‘शिकवू नये’? आमच्या दुकानात गिऱ्हाईक कितीही तापलेलं आलं तरी आधी बसा म्हणायची पद्धत होती.

असो. टँक बदलावा म्हणता, तर कोणता आणू ते सांगा. ब्लॅकफेस फेंडरच्या (फेंडर कंपनीचे काळ्या पॅनेलचे जुने अँप) धाटणीच्या ट्यूब अँपमध्ये बहुधा 4एबी3सी1बी असा कोड छापलेला टँक असतो. यातला ‘ए’ म्हणजे इनपुट 8 ओहम, ‘बी’ म्हणजे आउटपुट 2250 ओहम, पुढचा 3 म्हणजे गुंज लांब रेंगाळणारी. आता त्या ‘ए’च्या जागी ‘ई’ असलेला टँक घ्या. लांबी तीच, पत्र्याचा डबा तोच, पण इनपुट 600 ओहमचं. 8 ओहमसाठी बनवलेल्या ट्रान्सफॉर्मरला तो जोडला की स्प्रिंग जेमतेम हलते आणि रिव्हर्ब असून नसल्यासारखा. नाशिकरोडच्या एका वादकाचं नेमकं हेच झालं होतं. दुकानदाराने, नाव घेत नाही, लांबी मोजून टँक दिला. मूळचा टँक त्या वादकाने सुदैवाने माळ्यावर टाकला होता. तो उघडला तर कॉइलपासून सॉकेटपर्यंत येणारी केसाएवढी तार टोकाला तुटलेली. सोल्डरचा एक डाग, काम झालं. नव्या टँकचे पैसे गेले ते गेले.

म्हणून ते ‘पाल्हाळ’. पहिल्या चाचणीला तर स्क्रू ड्रायव्हरसुद्धा लागत नाही. अँप चालू, रिव्हर्बची नॉब निम्म्यावर, आणि कॅबिनेटला हलका धक्का. स्पीकरमधून स्प्रिंगांचा गडगडाट आला तर टँकची आउटपुट कॉइल, परतीची केबल आणि रिकव्हरी स्टेज (टँकमधून परतलेला सिग्नल वाढवणारा भाग) जिवंत आहेत. दोष सिग्नल पाठवणाऱ्या बाजूला, म्हणजे ड्रायव्हर ट्यूब, तिचा ट्रान्सफॉर्मर, जाणारी केबल किंवा इनपुट कॉइल. काहीच आलं नाही तर आधी परतीची बाजू तपासायची. धक्का दिल्यावर निम्मं सर्किट बाजूला पडतं, आणि तुम्ही मात्र सरळ पाकीट काढा म्हणता.

मग अँप बंद, प्लग भिंतीतून बाहेर, टँकच्या दोन्ही केबल काढलेल्या, आणि मल्टिमीटर. वर सांगितलेल्या टँकच्या इनपुटवर एक ओहमच्या जरा खाली आकडा येतो, आउटपुटवर 200 च्या आसपास. इनपुटचा तो आकडा बघून कॉइल शॉर्ट आहे असं पुष्कळांना वाटतं, आणि चांगले टँक भंगारात जातात. 8 ओहम हा 1 किलोहर्ट्झच्या सिग्नलला होणारा विरोध आहे, मीटर फक्त तांब्याच्या तारेचा रोध मोजतो. तार तुटलेली असेल तर मीटर काहीच दाखवत नाही, मग संशयाला जागा उरत नाही. हे सगळं लेखात आहे. वाचलं असतंत तर प्रतिक्रिया निम्मी झाली असती.

ट्यूबचं म्हणाल तर 12एटी7, म्हणजे तीच ड्रायव्हर ट्यूब, जरूर बदलून बघा, लेख टँकवर होता. सूचनेचं म्हणाल तर ड्रायव्हरच्या प्लेटवर 400 च्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढला तरी फिल्टर कपॅसिटर भरलेले राहू शकतात, हे मी लिहिलेलं आहे. तळाशी लिहिलंय, पण लिहिलंय. शिवाय मी चेसिस, म्हणजे सर्किट बसवलेली पत्र्याची पेटी, उघडायला सांगितलंच नव्हतं. टँक खाली कॅबिनेटच्या तळाशी रेक्झिनच्या पिशवीत असतो, तिथवर जायला चेसिसला हात लावावा लागत नाही.

तुमच्याही अँपचा रिव्हर्ब टँक बदलूनसुद्धा ‘जरा दबकाच’ येतो असं तुम्हीच ओघात लिहून गेलात. जुन्या आणि नव्या, दोन्ही टँकवरचे कोड इथेच खाली लिहा. पहिल्या आकड्यानंतर लगेच येणारं अक्षर तेवढं नीट बघून लिहा.