बाबांचा आवाज जपून ठेवा

ताई, तुमच्या दिवंगत बाबांवरच्या लेखात तुम्ही त्यांना आईच्या, तुमच्या आणि नातवंडांच्या नजरेतून उभं केलंत, ते फार भावलं. आईच्या आठवणीतला तरुण नवरा मुलांनी कधी पाहिलेलाच नसतो! म्हणून आईला बोलतं ठेवा. माझे वडील गेल्यावर आई त्यांचा चष्मा पुसून ठेवायची आणि सहज विचारलं की लग्नाच्या सुरुवातीचे दिवस सांगत बसायची. त्यातलं कितीतरी आम्हाला ठाऊकच नव्हतं.

आणखी एक, अगदी कळकळीने. साधारण ३ वर्षांच्या आतलं मुलांना पुढे सहसा आठवत नाही. म्हणून धाकट्या नातीसाठी फोनमधले आजोबांचे व्हॉइस मेसेज आजच दुसरीकडे उतरवून घ्या. फोन बदलताना ते बरेचदा जातात.