पाइनच्या पलंगाची कुरकुर

रात्री घरात कसला आवाज आला की आळ आधी उंदरावर येतो, मग पंख्यावर, मग वरच्या मजल्यावर. पलंगाचा संशय कोणाला येत नाही. आमचा पलंग तर पाइनचा, फिकट पिवळा, गाठीगाठींचा, दिसायला इतका सालस की त्याच्या पोटात काही काळंबेरं असेल असं मनातही येऊ नये. पण उशाकडच्या फळीतून रात्री आवाज यायचा. कुर्र, कुर्र, जरा थांबून पुन्हा कुर्र. फळीवर टिचकी मारली की गप्प. उशीवर डोकं टेकलं की चालू.

"झोपेत दात खातोस तू," बायको म्हणाली.

मी चांगला जागा असतानाही आवाज येतो हे मी तिला पटवून दिलं. "मग जागेपणीही खात असशील," असं म्हणून ती कूस बदलून झोपली. तिला झोप लागते, हीच तर माझी मुख्य तक्रार आहे.

शेवटी मिस्त्रींना बोलावलं. ते पटाशीच्या मुठीने फळी ठोकत गेले. टक, टक, टक, आणि एका जागी ढब. तिथे त्यांनी अंगठा दाबला आणि अंगठा सरळ आत गेला! वर पॉलिशसकट कागदाएवढा पापुद्रा तेवढा शाबूत, आत सगळा भुसा. म्हणजे फळी नव्हती, फळीचा देखावा होता, आणि मी त्याला पाठ टेकून पेपर वाचत होतो.

"वाळवी?" मी विचारलं.

"वाळवी असती तर माती दिसली असती. हा भुंगा आहे. खाते ती त्याची अळी."

त्यांनी थोडा भुसा माझ्या तळहातावर ठेवला. पिठासारखा मऊ, पण त्यात चिमुकल्या गोल कांड्या. मी दोन बोटांत चोळून बघत होतो, तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "त्या कांड्या म्हणजे तिची शी, साहेब." मी चोळणं थांबवलं.

त्यानंतर मी वाचायला बसलो. घरात कोणाला आजार निघाला की माणूस जसा नको तितका वाचतो, तसाच. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांचं हे कूळ भलतंच मोठं, जाती पस्तीस हजारांवर. आंब्याच्या खोडातली भिरूड याच कुळातली. त्यातले बरेच जण पाइन, स्प्रूस, देवदार अशा सूचिपर्णी झाडांवर पोसतात. काहींच्या मिशा बघण्यासारख्या. पाइनवरच्या एका जातीत तर नराच्या मिशा त्याच्या अंगाच्या तीन-चार पट लांब. आमच्या पलंगातला मात्र, वर्णनावरून, हायलोट्रूपस बजुलस. जीवजंतूंना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये याची नोंद केली, तेव्हा घराणं जुनं आणि नावाजलेलं. फक्त याच्या मिशा आखूड! इतक्या मिशाळ खानदानात जन्म घेऊन आमच्या वाट्याला आला तो हा. पाठीवर दोन काळे चकचकीत उंचवटे, डोळ्यांसारखे. म्हणजे पाठ फिरवून निघाला तरी आपल्याकडे रोखून बघतोय असं वाटावं.

याची आवड ठरलेली. सागाला तोंड लावणार नाही. लाकूड सूचिपर्णी झाडाचंच हवं, तेही वाळलेलं, आणि त्यातही बाहेरच्या बाजूचं कोवळं, रसकाष्ठ. मधला गाभा तो सोडून देतो. मादी फटीत अंडी घालते, अळी आत शिरते आणि मग खात बसते. किती दिवस? दिवस कसले, वर्षं! साधारण तीन ते सहा, आणि मनात आलं तर दहासुद्धा. कारण लाकडात पोषण जवळपास नाहीच. नत्र इतकं कमी की अंग धरायला ढीगभर लाकूड पोटात जावं लागतं. शिवाय लाकूड जुनं होत जातं तसा त्यातला कस आणखी उतरतो, आणि अळीचा मुक्काम वाढतो. आपण कोणाला निकृष्ट खायला घातलं तर तो लवकर उठून जातो. इथे उलट हिशेब.

एवढं खाऊन ती कोषात जाते, भुंगेरा होते, लंबगोल भोक पाडून बाहेर येते, आणि त्यानंतर काही आठवडे जगते. त्या आठवड्यांत काही खात नाही. आयुष्यभर माझा पलंग खाल्ला, आणि चारचौघांत यायची वेळ आली तेव्हा उपवास. भोक दिसेपर्यंत आपल्याला पत्ता नसतो, आणि भोक दिसलं तेव्हा तो निघून गेलेला असतो. मागे राहिलेले किती, ते फळीलाच माहीत.

मी हे सगळं मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी शांतपणे पलंगाची खालची पट्टी उलटी करून दाखवली. तिच्यावर गव्हाच्या कणसाचं चित्र आणि शेजारी एचटी अशी अक्षरं, म्हणजे हीट ट्रीटमेंट, तापवलेलं लाकूड. हे लाकूड पूर्वी परदेशी मालाचं खोकं होतं. अशा खोक्यांचं लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर सलग 30 मिनिटं तापवायचं, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आणि तो पाइनच्या दुसऱ्या एका लांब मिशावाल्यामुळे फार मनावर घेतला जातो. तो स्वतः फारसा वाईट नाही, पण श्वासाच्या नळ्यांत मिलिमीटरभर लांबीचे सूत्रकृमी घेऊन एका पाइनवरून दुसऱ्यावर जातो. जपानमधले पाइन का वाळतायत, याचं उत्तर 1971 मध्ये या सूत्रकृमींपाशी सापडलं. 1999 मध्ये ते पोर्तुगालमध्येही निघाले. जंगलंच्या जंगलं वाळली, त्यापुढे माझी उशाकडची फळी म्हणजे काहीच नाही, हे मला कळतं. रात्री दोन वाजता कळत नाही.

"तापवलेलं लाकूड, मग कीड आली कुठून?" मी विचारलं.

"तापवलं तेव्हा आत होतं ते मेलं," मिस्त्री म्हणाले. "नंतर येऊ नका असं कुठे लिहिलंय त्यावर?"

मग उपाय सुरू झाले. मेहुणा हेअर ड्रायर घेऊन आला. गाभ्यात पंचावन्न अंश तासभर टिकले तर अळी मरते, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं आणि ते खरंही आहे. पण ड्रायरने वरचं पॉलिश तेवढं चिकट झालं. आत पोचली ती नुसती ऊब. आणि तिशीच्या आसपासचं तापमान या अळीला फार मानवतं. त्या रात्री तिने अशा उत्साहाने काम केलं की बायकोसुद्धा जागी झाली. मला मनापासून बरं वाटलं.

"दात मी खात नव्हतो," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. एवढीच माफी.

मिस्त्रींनी ती फळी कापून काढली आणि जाळायला नेली. बाकीच्या लाकडात भोकं पाडून औषध भरलं. आता शांत आहे, आणि ही शांतता आवाजापेक्षा वाईट. अळी मेली म्हणून गप्प आहे, गारठ्याने मंदावली म्हणून, की कोषात गेली म्हणून? तिघींची शांतता ऐकायला सारखीच. इंग्लंडमध्ये सरे परगण्याच्या काही भागांत छपराच्या लाकडाला या किड्याविरुद्ध औषध लावणं बांधकामाच्या नियमातच आहे. तिथल्या लोकांना निदान झोप तरी कायदेशीर लागत असेल. आणि तिथल्याच एसेक्समध्ये 1983 साली एका घराच्या जिन्यातून सोनेरी भुंगेरा बाहेर आला, लाकडात 51 वर्षं काढून. तो या कुळातला नव्हे, दुसऱ्या घराण्यातला. पण पाइनमंडळींवर पोसणाराच. ही माहिती मेहुण्याने मला झोपायच्या वेळी फोन करून दिली.

तो पलंग आम्ही पाहुण्यांच्या खोलीत हलवला. परवा काका राहायला आले. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून निर्धास्तपणे त्यांची गादी तिथेच घातली. सकाळी विचारलं, झोप लागली का? "मस्त," ते शर्ट झटकत म्हणाले. "पलंग झकास आहे हो तुमचा. पण पाहुण्यांसाठी एवढी पावडर शिंपडायचं काही कारण नव्हतं."