प्रकल्पांच्या जाळ्यामुळे नैसर्गिक वायू हरित ठरत नाही

गॅसवाहिन्या, पवनचक्क्या, सौर पटल, कचऱ्यापासून गॅस तयार करणारे कारखाने आणि हरित हायड्रोजनचे संयंत्र यांची छायाचित्रे एकत्र करून ‘गेल’ या सरकारी गॅस कंपनीच्या देशव्यापी प्रकल्पांविषयी जो दावा हिरिरीने पुढे पाठवला जातो, त्याचा आशय थोडक्यात असा आहे : नैसर्गिक वायू जळताना प्रदूषण होत नाही, जे थोडेफार होते ते कंपनीचे पवन आणि सौर प्रकल्प भरून काढतात, वाहिनीत हायड्रोजन मिसळू लागल्याने घरात येणारा गॅस आता हरित झाला आहे, शेतातील आणि शहरातील कचऱ्यापासून तयार होणाऱ्या गॅसमुळे आयात लवकरच थांबेल, आणि कंपनी 2035 मध्ये ‘नेट झिरो’ (म्हणजे निव्वळ उत्सर्जन शून्य) होणार असल्याने गॅसच्या विस्तारावर आक्षेप घेण्यात अर्थ उरलेला नाही. यातील जवळजवळ प्रत्येक विधानात खऱ्याचा अंश आहे. हे प्रकल्प प्रत्यक्षात उभे आहेत आणि त्यातील काहींचे मोल मी फार मोठे मानतो. माझा विरोध आहे तो त्यांच्या आधारे काढलेल्या निष्कर्षाला.

गॅस जळताना प्रदूषण होत नाही, हे पहिले विधान. शहरातल्या हवेपुरते बोलायचे तर गॅसने केलेले काम नाकारता येणार नाही. ताजमहालाच्या परिसरातील कोळसा जाळणाऱ्या उद्योगांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 30 डिसेंबर 1996 रोजी निकाल दिला, तेव्हा त्या उद्योगांपुढे दोनच मार्ग ठेवले होते : नैसर्गिक वायू स्वीकारा किंवा तेथून हला. आग्र्यापर्यंत आणि फिरोजाबादच्या काचभट्ट्यांपर्यंत गॅस पोहोचवण्याची जबाबदारी गेलकडे आली. दिल्लीतही न्यायालयाच्या 1998 च्या आदेशानंतर 2002 अखेरपर्यंत सार्वजनिक बसगाड्या सीएनजीवर गेल्या. गॅसमध्ये गंधक जवळजवळ नसते आणि त्याच्या ज्योतीतून काजळी फारच कमी निघते, त्यामुळे या दोन्ही ठिकाणी झालेला बदल योग्यच होता.

परंतु काजळी नाही म्हणून कार्बन नाही, असे होत नाही. एक गिगाज्यूल उष्णतेमागे कोळशातून सुमारे 95 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, डिझेलमधून 74, घरगुती सिलिंडरमधील एलपीजीमधून 63, तर नैसर्गिक वायूतून 56 किलो. म्हणजे कोळशाच्या तुलनेत घट चांगली चाळीस टक्क्यांची आहे. पण सिलिंडर काढून वाहिनीचा गॅस घेणाऱ्या घराच्या बाबतीत ती जेमतेम अकरा टक्के आहे. ‘हरित’ या विशेषणाला एवढा आधार पुरत नाही.

आणि हे आकडे गॅस पूर्णपणे जळाला असे गृहीत धरतात. न जळता निसटलेला गॅस म्हणजे मिथेन, आणि तो सुमारे बारा वर्षेच वातावरणात टिकत असला तरी वीस वर्षांच्या हिशेबात त्याची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून अधिक असते. शंभर किलो मिथेन जाळला की 275 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्याच शंभर किलोंमागे विहिरीपासून शेगडीपर्यंतच्या प्रवासात तीन किलो मिथेन गळला, तर वीस वर्षांच्या मापाने त्याचा भार 240 किलोंहून अधिक भरतो. केवळ तीन टक्के गळतीने एकूण भार जवळजवळ दुप्पट होतो आणि कोळशावरची आघाडी नाहीशी होते. भारतात प्रत्यक्ष गळती एवढी आहे असा माझा दावा नाही. मुद्दा असा की गॅसची सारी पर्यावरणीय बाजू या एका संख्येवर उभी असताना प्रसारित मजकुरात गळतीचा उल्लेखही नसतो. त्यात देशात वापरल्या जाणाऱ्या गॅसपैकी जवळजवळ निम्मा परदेशातून द्रवरूपात येतो. तो उणे 162 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावा लागतो, जहाजातून आणावा लागतो आणि किनाऱ्यावर पुन्हा वायुरूप करावा लागतो. या प्रत्येक टप्प्यावर खर्च होणारी ऊर्जा वरच्या 56 किलोंमध्ये धरलेली नाही.

दुसरे विधान पवन आणि सौर प्रकल्पांच्या भरपाईचे. उत्तर प्रदेशातील पाता येथील पेट्रोरसायन संकुलाच्या छपरांवर 2017 मध्ये बसवलेला 5.76 मेगावॉटचा सौर प्रकल्प त्या वेळी देशातील मोठ्या छतप्रकल्पांपैकी एक होता, आणि कंपनीची पवनऊर्जा सुमारे 118 मेगावॉट आहे. छायाचित्रात पवनचक्क्यांची रांग भव्य दिसते, म्हणून ती कशाच्या शेजारी ठेवून पाहायची ते आधी ठरवावे लागते. 118 मेगावॉटच्या पवनचक्क्या क्षमतेच्या पाव हिश्श्याने चालल्या असे धरले, तर वर्षाला सुमारे 26 कोटी युनिट वीज मिळते. गेलच्या वाहिन्यांतून दररोज सुमारे 12 कोटी घनमीटर गॅस वाहतो. एका घनमीटरमध्ये साधारण दहा युनिटांइतकी उष्णता असते, म्हणजे वर्षाची बेरीज 43 हजार कोटी युनिटांच्या पुढे जाते. वीज ही उष्णतेपेक्षा अधिक मोलाची म्हणून पवनऊर्जेचे मोल दुप्पट केले, तरी प्रमाण हजारात एक भाग एवढेच राहते. शिवाय पवनचक्कीची वीज वाहिनीतल्या गॅसला स्पर्शही करत नाही. ती कंपनीच्या वीजवापराचा भार हलका करते, आणि तेवढ्यापुरती ती स्वागतार्ह आहे.

हायड्रोजनविषयीचे विधान सर्वांत जास्त भुरळ घालते, म्हणून तेथे थोडे थांबतो. जानेवारी 2022 मध्ये इंदूरच्या शहरी गॅस वितरण जाळ्यात प्रायोगिक तत्त्वावर हायड्रोजन मिसळायला सुरुवात झाली, हे खरे आहे. मिश्रणाचे प्रमाण दोन टक्के होते, पण हे दोन टक्के आकारमानाचे असतात. एक घनमीटर हायड्रोजन जळून जी उष्णता मिळते ती एक घनमीटर नैसर्गिक वायूच्या उष्णतेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असते. त्यामुळे आकारमानाने दोन टक्के मिसळले तरी उष्णतेत हायड्रोजनचा वाटा सुमारे 0.6 टक्के राहतो. उद्या हेच प्रमाण वीस टक्क्यांवर नेले, आणि त्यासाठी वाहिन्यांचे पोलाद, झडपा, मीटर आणि शेगड्यांचे बर्नर या सगळ्यांची नव्याने तपासणी करावी लागेल, तरी उष्णतेतील वाटा जेमतेम सात टक्के होतो. उरलेले त्र्याण्णव टक्के पूर्वीचेच राहतात.

मध्य प्रदेशातील विजयपूर येथे गेलने 10 मेगावॉटचा इलेक्ट्रोलायझर उभारला आणि मे 2024 मध्ये त्याचे उद्घाटन झाले. पाण्याचे विघटन करून तेथे दिवसाला 4.3 टन हायड्रोजन तयार होऊ शकतो आणि त्याची शुद्धता उत्तम आहे. हा हायड्रोजन सुरुवातीला संकुलातील उपकरणांत नैसर्गिक वायूबरोबर इंधन म्हणून वापरायचा असे ठरले. 4.3 टन हायड्रोजनची उष्णता सुमारे 516 गिगाज्यूल भरते. दररोज वाहणाऱ्या 12 कोटी घनमीटर गॅसची उष्णता 42 लाख गिगाज्यूलांच्या आसपास आहे, म्हणजे हे संयंत्र पूर्ण क्षमतेने चालले तरी त्याचे प्रमाण आठ हजारांत एक होते.

तरीही आकारापेक्षा मला वापराचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. दहा मेगावॉटचे यंत्र चोवीस तास चालले तर 240 मेगावॉट-तास वीज खाते. त्यातून मिळालेल्या हायड्रोजनने 516 गिगाज्यूल नैसर्गिक वायू वाचवला, तर सुमारे 29 टन कार्बन डायऑक्साइड टळतो. हीच 240 मेगावॉट-तास नवीकरणीय वीज सरळ ग्रीडमध्ये सोडली असती, तर आपल्या ग्रीडमध्ये एका मेगावॉट-तासामागे सरासरी 0.7 टनाच्या आसपास उत्सर्जन होत असल्याने 160 टनांहून अधिक टळला असता. तीच वीज आणि तोच दिवस असून फरक पाचपटीहून मोठा आहे. हायड्रोजनची खरी गरज आहे ती खतकारखान्यांत आणि तेलशुद्धीकरण प्रकल्पांत, जेथे आजही नैसर्गिक वायूपासून तयार केलेला हायड्रोजन कच्चा माल म्हणून लागतो आणि विजेने त्याची जागा घेता येत नाही. विजयपूरचे संयंत्र हे यंत्रणा हाताळायला शिकण्याची जागा म्हणून मोलाचे आहे. त्यावरून घराघरांतला गॅस हरित झाला असे सांगणे म्हणजे त्या संयंत्रातल्या अभियंत्यांच्या कामाचाही विपर्यास आहे.

चौथे विधान कचऱ्यापासूनच्या गॅसचे, म्हणजे सीबीजीचे (शुद्ध करून दाबाखाली भरलेल्या जैववायूचे). या मुद्द्यावर माझी सहानुभूती दाव्याच्या बाजूने आहे, कारण जो मिथेन कचऱ्याच्या ढिगातून तसाही हवेत गेला असता तो पकडून जाळणे हा दुहेरी लाभ आहे. इंदूरमधील 550 टन क्षमतेच्या प्रकल्पाचे फेब्रुवारी 2022 मध्ये उद्घाटन झाले. त्यातून दिवसाला सुमारे 17 टन सीबीजी अपेक्षित होता. रांचीजवळ झिरी येथे महानगरपालिकेच्या ओल्या कचऱ्यावर चालणारा प्रकल्प खुद्द गेलने उभारला आहे. पण ऑक्टोबर 2018 मध्ये जाहीर झालेल्या ‘सतत’ योजनेचे उद्दिष्ट 2023 पर्यंत पाच हजार प्रकल्प आणि वर्षाला दीड कोटी टन उत्पादन असे होते. ते साधले असते तर द्रवरूप गॅसच्या आयातीचा निम्म्याहून मोठा हिस्सा खरोखरच कमी झाला असता. प्रत्यक्षात 2023 संपेपर्यंत सुरू झालेल्या प्रकल्पांची संख्या शंभरीलाही पोहोचली नव्हती.

असे का झाले हे समजून घेण्यासाठी साखर कारखान्याच्या आवारातला प्रेसमडचा ढीग पाहावा. उसाचा रस गाळून उरणारा हा काळपट, ओलसर चोथा सीबीजीसाठी उत्तम कच्चा माल मानला जातो, आणि तरीही एक टन गॅससाठी तो सुमारे पंचवीस टन लागतो. तो मिळतो फक्त गाळप हंगामात. प्रकल्प मात्र बारा महिने चालवायचा असतो, म्हणून उरलेल्या काळासाठी ढीग साठवावा लागतो. साठवलेला ढीग आतून तापतो, कुजतो, त्यातला गॅस होऊ शकणारा भाग घटत जातो आणि त्यातून मिथेनही निसटतो. शहरातल्या कचऱ्याची अडचण निराळी आहे : ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा झाला नाही, तर प्लॅस्टिक, काच आणि माती थेट टाकीत जाते आणि जंतूंचे काम मंदावते. इंदूरला जे जमले ते आधी कित्येक वर्षे घरोघरी वर्गीकरणाची सवय लावल्यामुळे जमले, आणि हे श्रेय टाकीपेक्षा घरांना आणि सफाई कामगारांना अधिक जाते. गॅस काढल्यावर उरणाऱ्या खताला ग्राहक मिळाला नाही की प्रकल्पाचे आर्थिक गणित कोसळते, ही आणखी एक अडचण. शहरी गॅस वितरण कंपन्यांवर आता सीबीजी मिसळण्याचे बंधन घातले आहे. ते 2025-26 साठी एक टक्का ठरले आणि 2028-29 पासून पाच टक्के ठरवले आहे. हे पाऊल योग्य आहे. पण पाच टक्क्यांचे बंधन हेच जिथे 2028-29 मध्ये गाठायचे उद्दिष्ट आहे, तिथे ‘आयात लवकरच थांबेल’ हे वाक्य कशाच्या बळावर लिहिले जाते?

वृक्षारोपणाचे आकडेही अनेकदा सोबत जोडले जातात. झाडे लावावीत, परंतु झाडाने दशकांत शोषलेला कार्बन आणि वाहिनीतून आज निघणारा कार्बन एकाच वहीत वजा करता येत नाही, आणि झाड जगले की नाही हे तर त्या आकड्यांत लिहिलेलेही नसते.

राहिले ‘नेट झिरो’. गेलने आधी 2040 चे लक्ष्य ठेवले होते आणि पुढे ते 2035 वर आणले, हे खरे आहे. मात्र हे लक्ष्य पहिल्या आणि दुसऱ्या गटातील उत्सर्जनाचे आहे : कंपनीचे स्वतःचे कॉम्प्रेसर, भट्ट्या, गळती आणि कंपनीने विकत घेतलेली वीज. कंपनीने पुरवलेला गॅस ग्राहकाच्या वीजकेंद्रात, खतकारखान्यात, रिक्षात आणि स्वयंपाकघरात जळतो, ते उत्सर्जन तिसऱ्या गटात मोडते, आणि त्यात 2040 पर्यंत 35 टक्के घट करण्याचे उद्दिष्ट आहे. हा भेद कंपनीने लपवलेला नाही. पुढे पाठवल्या जाणाऱ्या मजकुरातून तो गळून पडतो. एक घनमीटर गॅस जळाला की सुमारे दोन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्या मापाने दररोजच्या 12 कोटी घनमीटरांतून वर्षाला आठ कोटी टनांहून अधिक उत्सर्जन होते. हा सगळा गॅस गेलचाच नसतो, काही इतरांसाठी वाहून नेलेला असतो. पण वातावरणाच्या दृष्टीने त्याने काही बदलत नाही. कंपनीचे कॉम्प्रेसर उद्या पूर्णपणे सौर विजेवर चालू लागले, तरी या आठ कोटींतला एकही टन त्यामुळे कमी होणार नाही.

म्हणूनच विस्तारावर प्रश्न विचारणे निरर्थक ठरत नाही. सोळा हजार किलोमीटरच्या पुढे गेलेल्या या जाळ्यात मुंबई-नागपूर-झारसुगुडासारखी वाहिनी जोडली जाते, तेव्हा ती काही दशकांसाठी जमिनीत जाते आणि तिचा खर्च वसूल व्हायचा तर तितकी वर्षे गॅस वाहावा लागतो. ती कोळशावरच्या भट्ट्यांपर्यंत पोहोचणार असेल तर बाजू भक्कम आहे. जिथे विजेवरची शेगडी किंवा विजेवरची बस तेच काम करू शकते, तिथे ती बरीच कमकुवत होते. प्रत्येक वाहिनीमागे विचारावेत असे प्रश्न तीनच आहेत : कोणते इंधन हटणार, किती वर्षांसाठी, आणि मोजलेली गळती किती. तिसऱ्याचे उत्तर अंदाजी गुणकांनी न देता वाहिनीनिहाय, उपकरणांनी प्रत्यक्ष मोजून आणि दरवर्षी जाहीरपणे दिले जावे, ही मागणी पवनचक्क्यांच्या छायाचित्राने पूर्ण होत नाही.